मोरीतल्या मुंग्या

आमच्या रनाळ्याच्या घरात गुळाच्या डब्याला कुलूप होतं. धान्याच्या कोठीला नव्हतं, दागिन्यांच्या पेटीलाही नव्हतं. पितळी डबा, त्याच्या कडीत अडकवलेलं बोटाएवढं कुलूप आणि किल्ली फुईच्या कनवटीला. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन ती माहेरी आली होती आणि माझे वडील गेल्यावर घराचा कारभार आपसूक तिच्या हातात गेला. कुलूप होतं माझ्या मायसाठी. जिनं त्या घरात सगळी हयात चुलीपुढे काढली, तिच्यापासून गूळ वाचवायचा होता.

मायला शुगर निघाली तेव्हा मी लग्न होऊन नंदुरबारला आले होते आणि खांडबाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. हसायचं असेल तर इथे हसून घ्या. मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून द्यायचे, स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते व रक्तातील साखर नियंत्रणात राहते. पोरं ती ओळ पाठ करायची, पेपरात लिहायची आणि मी बरोबरची खूण करायची. ते स्वादुपिंड थकतं, वर्षानुवर्षं जास्तीचं राबून मग मागे सरतं, याबद्दल पुस्तकात अवाक्षर नव्हतं. पुस्तकातलं स्वादुपिंड जन्मभर एकसारखं स्रवत होतं. त्या एका ओळीचा मला अजून राग आहे.

सुरुवात साधी होती. मिरची तोडायला गेलेली माय भर सकाळी बांधावर टेकायला लागली. घशाला कोरड, सारखं पाणी, सारखी लघवी. नंदुरबारच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, एक गोळी लिहून दिली आणि गोड बंद म्हणून सांगितलं. मायनं बंद केलं. माझी माय हट्टी बाई. एकदा नाही म्हटलं की देव आला तरी नाही. बिनसाखरेचा चहा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी, भात तर पानातच नाही. आंब्याच्या दिवसांत आढी लावलेल्या खोलीत जायचं झालं तर पदर नाकाला लावून जायची.

आणि आखाजीला पुरणाचे मांडे तीच करायची. आखाजी म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, पितरांच्या नावानं घागर भरतात, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकतात आणि मग आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी. हातावर फिरवत फिरवत सुपाएवढी केलेली पोळी उपड्या खापरावर टाकणं हे येरागबाळ्याचं काम नाही. अख्ख्या गल्लीत मायसारखा हात कोणाचा नव्हता. नैवेद्याचं पुरण चाखायचं नसतं, म्हणून ती वासावर अंदाज घ्यायची. पूर्वी सगळ्यांची जेवणं झाल्यावर शेवटची पोळी ती स्वतः खायची आणि मग सांगायची, औंदा वेलची कमी पडली, औंदा डाळ जरा जास्त शिजली. शुगर निघाली त्या वर्षापासून ती शेवटची पोळीही बंद झाली. पोळ्या करायच्या, वाढायच्या, हात धुवायचे आणि अर्धी भाकरी घेऊन बसायचं. पुढेपुढे तिच्या पुरणात जायफळ जरा चढं पडायला लागलं. मागे कडवट चव राहायची. पण इतक्या धगीत उभ्या राहिलेल्या बाईला ते कोण सांगणार? आम्ही वरून तूप ओतून घ्यायचो.

एवढं करून शुगर वाढतच होती. एका गोळीच्या दोन झाल्या, मग दुसऱ्या रंगाची तिसरी आली. ते डॉक्टर कागद बघायचे आणि मायकडे न बघताच म्हणायचे, "आजी, पथ्य पाळत नाही तुम्ही."

"मी गोड खास नही, सायेब," माय म्हणायची.

"सगळे असंच म्हणतात."

पुढच्या खेपेला त्यांनी रागावू नये म्हणून मायनं एक युक्ती काढली. तपासणीच्या आधीचे दोन दिवस ती जवळजवळ उपाशी राहायला लागली. मग उपाशीपोटीचा आकडा जरा खाली यायचा. आणि डॉक्टर विजयी मुद्रेनं म्हणायचे, "बघा, पाळलं की येते ना खाली? म्हणजे एरवी खाता." बिचारीनं आपल्याच हातानं आपल्याविरुद्ध पुरावा तयार केला. त्यांना काय वाटलं असेल ते असो. मी असते तर तो कागद त्यांच्या टेबलावर आपटला असता. मी नव्हते. मायबरोबर माझा थोरला भाऊ जायचा आणि भावानं त्या दिवशी घरी येऊन डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं फुईला सांगितलं.

फुईला तेवढंच हवं होतं. "चोरीसन खास व्हई ती," तिनं निकाल दिला. "नहीते शुगर वाढस कशी?"

मग आल्या मुंग्या. घराच्या मागच्या बाजूला मोरी आहे. माय लघवीला तिथेच बसायची, कारण पायऱ्या उतरून बाहेरच्या संडासापर्यंत जाण्याइतका दम धरवायचा नाही. त्या मोरीत मुंग्या लागायला लागल्या. लाल, बारीक, भिंतीच्या कडेनं ओळच्या ओळ. फुईनं त्या बघितल्या आणि तिचा तर्क ठरला. माय पदराखाली गूळ नेते, मोरीचं दार लावून खाते आणि सांडलेल्या खड्यांना मुंग्या येतात. ही गोष्ट तिनं आधी भावाला सांगितली, मग शेजारी आणि मग सगळ्या भाऊबंदकीला. गल्लीतल्या बाया मुंग्या बघायला आल्या. खरंच आल्या. दाराशी उभं राहून त्यांनी माना हलवल्या. त्याच दिवशी डब्याला कुलूप लागलं.

कोणाच्या डोक्यात आलं नाही की मुंग्या गुळाला येत नव्हत्या. मायच्या अंगात साखर जिरत नव्हती, ती लघवीवाटे मोरीत चालली होती आणि मुंग्या त्या साखरेला येत होत्या. जो आजाराचा पुरावा होता तोच चोरीचा पुरावा म्हणून गावभर फिरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि मायनं काय केलं? ती रोज सकाळी मोरीत बादलीभर पाणी ओतून मुंग्या धुऊन टाकायला लागली. फुई म्हणाली, पाहा, पुरावा नष्ट करते.

मला हे सगळं फार उशिरा कळलं. मी माहेरी गेले की माय कुलपाबद्दल बोलायची नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा खायचा हे ती लग्न होऊन आली त्या वर्षीच शिकली होती. मी विचारलं तर म्हणाली, "पोरंसोरं गूळ सांडतस, म्हनीसन."

मग ती वाळायला लागली. आधी चोळ्या सैल झाल्या, मग गालफडं बसली, मग मनगटातल्या चांदीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आणि गाव खूश झालं. भेटेल ती बाई म्हणायची, "आंग हालकं झायं बाई तुन्हं. शुगर उतरनी वाटस." फुईसुद्धा म्हणाली की कुलपाचा गुण आला. भाऊ म्हणाला, माय आता तब्येतीनं काटक झाली. अरे, शुगर उतरली नव्हती. अंगातलं इन्सुलिनच आटत चाललं होतं. खाल्लेली भाकरी पेशींपर्यंत पोचत नव्हती आणि शरीर आपलंच मांस जाळून दिवस ढकलत होतं. माणूस डोळ्यांदेखत विरघळत होतं आणि लोक अभिनंदन करत होते.

माघात कपाशीच्या पऱ्हाटीचं एक धसकट तिच्या तळपायात घुसलं. तिला ते कळलंच नाही. चप्पल ओली लागली म्हणून तिनं पाय वर करून बघितला तर रक्त. हळद दाबली, चिंधी बांधली आणि कामाला लागली. महाशिवरात्र आली तरी जखम भरली नाही, उलट कडा काळ्या पडल्या. मी तेव्हा माहेरी गेले होते. चिंधी सोडली आणि वास आला. मी कोणाला काही विचारलं नाही. भावाला म्हटलं गाडी काढ, आणि तिला घेऊन नंदुरबारला आले, दुसऱ्या डॉक्टरांकडे.

या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी आधी पाय बघितला, मग रक्त घेतलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, आणि शरीर अजून स्वतःचं इन्सुलिन किती करतंय हे सांगणारीही एक केली. ही दुसरी आजवर कोणी केली नव्हती. कागद आले तेव्हा त्यांनी मायला समोर बसवलं आणि तिच्याकडे बघून विचारलं, "मावशी, तुम्ही जेवता तरी काय?"

मायनं सांगितलं. भाऊ मध्येच म्हणाला, "डॉक्टर, खरं बोलत नाही ती." त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्या हाताला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मायचा आजार कळला त्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झाला होता. तिचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं होतं. स्वादुपिंडानं मग जास्त इन्सुलिन सोडायला सुरुवात केली, एकाच्या जागी दोन माणसांचं काम. म्हणून त्या वर्षांत साखर बरी राहिली आणि कोणाला पत्ता लागला नाही. पण असं दुप्पट किती वर्षं राबणार? इन्सुलिन करणाऱ्या पेशी थकत गेल्या, काही मेल्या. साखर वाढली, आणि वाढलेली साखर उरलेल्या पेशींना आणखी मारत गेली. पहिली गोळी सुरू झाली तेव्हाच बरीच शक्ती गेलेली होती. पुढच्या गोळ्या उरलेल्या पेशींना ढोसून इन्सुलिन काढत होत्या. आता काढायला फारसं उरलं नव्हतं.

"पथ्यानं फरक पडतोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या पथ्यानंच इतकी वर्षं निभावलं असेल. पण सगळं नीट पाळूनही पुष्कळांचं इन्सुलिन कमी होत जातं. आजार पुढे सरकतो, मावशी. हा तुमचा गुन्हा नाही."

माय म्हणाली, "म्हंजे बैल बसी गया. आन् आपन त्याले पराणी टोची ऱ्हायनूत."

"अगदी तसंच."

शेतात बैल हाकलेल्या बाईला जे एका वाक्यात कळलं, ते मी इतकी वर्षं फळ्यावर लिहूनही शिकवलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन घ्यायला सांगितलं. पोटावर सुई, रोज. नाहीतर पाय वाचवायची हमी देता येणार नाही, असंही सांगितलं. कापावा लागेल हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो खोलीत होता.

गाडीत माय मागे माझ्याशेजारी बसली होती. धुळे रस्ता मागे पडला, रनाळ्याच्या शिवारातल्या वाळत घातलेल्या मिरच्या दिसायला लागल्या, तेव्हा ती बोलली.

"मंग मी इतला वरीस कसाले शिव्या खाद्यात?"

भाऊ गाडी चालवत होता. त्यानं आरशात बघितलं नाही.

घरी गेल्यावर खरा तमाशा. फुई म्हणाली, सुई लागली म्हणजे शेवट आला. एकदा लागली की सुटत नाही. आणि मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "गूळ खाई खाई सुईलगून उनी."

मायनं तिथल्या तिथे सांगून टाकलं की मी सुई घेणार नाही. मी समजावलं, भावानं समजावलं, ती भिंतीकडे तोंड करून बसली. मला आधी वाटलं सुईला घाबरली. छे. प्रसूतीची कळ दाताखाली पदर धरून सोसलेली बाई सुईला कसली घाबरते? सुई घेतली असती तर गाव म्हणालं असतं, बघा, खाल्लं म्हणून इथवर आली. पाय गेला असता तर निदान धसकटानं गेला असं म्हणता आलं असतं. तिला पाय चालला असता, चोरीचा शिक्का नको होता. हे मला कळलं आणि मी मायवर चिडले, फुईवर चिडले, मान हलवून गेलेल्या त्या सगळ्या बायांवर चिडले. पाय तिचा, आणि त्याचा सौदा गावाच्या तोंडाशी.

मी फुईला हाताला धरून मोरीत नेलं. वयानं मोठी आहे, मान द्यायचा असतो, सगळं मला माहीत आहे. नेलं. म्हटलं, "फुई, गूळ कुलपात शे ना? किल्ली तुन्हाकडे शे ना?"

"शे."

"मंग या मुंग्या कसाले येतस?"

भिंतीच्या कडेनं ओळ चाललेली होतीच. कुलूप लागल्यानंतरही ती एक दिवस थांबली नव्हती, आणि ही साधी गोष्ट घरातल्या कोणाला सुचली नव्हती. मी तिला सांगितलं की ही साखर मायच्या अंगातून येते, तुझ्या डब्यातून नाही. मी ओरडत होते. भाऊ मोरीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि मुंग्यांकडे बघत राहिला. फुई म्हणाली, "आमले काय माहीत," आणि हात सोडवून निघून गेली. माफी वगैरे आमच्या घरात कोणी कधी मागत नाही.

ओरडा आत मायपर्यंत गेला होता. ती भिंतीकडचं तोंड वळवून म्हणाली, "पहिले कुलूप काढा. मंग सुई."

भावानं फुईकडे हात पसरला. फुईनं किल्ली दिली नाही. त्यानं अडकित्ता घेतला आणि डब्याची कडीच तोडली. माझ्या भावाबद्दल माझ्या मनात फार काही चांगलं नाही, पण त्या अडकित्त्यासाठी मी त्याला थोडं माफ केलं. त्या संध्याकाळी ओसरीवर बसून, सगळ्यांसमोर, लुगडं जरा सैल करून मायनं पहिली सुई घेतली. मी टोचायला पुढे झाले तर म्हणाली, दाखव, माझी मी घेते.

सुई हा शेवट नव्हता. पंधरवड्यात तिची तहान कमी झाली. पुढे जखमेच्या कडा लाल दिसायला लागल्या, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पाय राहील. बांगड्या कोपरावरून हळूहळू मनगटाकडे परत आल्या. मोरीतल्या मुंग्या एक दिवस दिसेनाशा झाल्या. ते बघायला मात्र गल्लीतली एकही बाई आली नाही.

आखाजीला मी गेले. पायाला पट्टी होती तरी खापर मायनंच लावलं, फक्त स्टुलावर बसून. घागर भरून झाली, आगारी टाकून झाली. पंगत बसली. डॉक्टरीणबाईंनी सणाला अर्धी पोळी खा म्हणून सांगितलं होतं, सुईचं मापही ठरवून दिलं होतं. मी मायला ओढून पंगतीत बसवलं, फुईच्या समोरच, आणि अर्धी पोळी वाढली. शुगर निघाल्यापासून पहिल्यांदा.

तिनं घास मोडला. चावला. आणखी एकदा चावला. कपाळाला आठी पडली.

"जायफय भलतं पडी गयं," ती म्हणाली. "कडू लागस."

मला एकदम कळलं. जी बाई इतकी वर्षं चोरून खात होती असं सगळे म्हणत होते, तिला स्वतःच्या पुरणाची चव माहीत नव्हती.

तेवढ्यात फुईनं, अगदी सवयीनं, तुपाची वाटी पुढे सरकवली. "वरथून तूप टाकी ले," ती म्हणाली. "मंग कडू लागत नही."

मायनं वाटीकडे बघितलं. मग फुईच्या पानाकडे बघितलं, भावाच्या, माझ्या. सगळ्यांच्या पोळ्यांवर तूप होतं.

"म्हंजे तुमले बठ्ठासले माहीत व्हतं," ती म्हणाली, आणि तूप न घेता उरलेली पोळी खाऊ लागली.